लूज पावडर फाउंडेशनला ब्रश कोणता घ्यावा?

अगं, सगळ्यात आधी तो मोठा फुगीर पावडर ब्रश बाजूला ठेव. त्याचे केस विरळ असतात, पावडर नुसती उडते आणि चेहऱ्यावर काही झाकलं जात नाही. तुला दाट केसांचा, आखूड दांड्याचा ब्रश लागेल, त्याला काबुकी म्हणतात. डाग झाकायचे असतील तर सपाट माथ्याचा, हलकंच हवं असेल तर गोल माथ्याचा. केस सिंथेटिकच घे, धुवायला सोपे.

गुलमंडीच्या बाजारात घेशील तेव्हा ब्रश गालावर दाबून बघ. टोचला तर नको. केस हलकेच ओढ. दोन-चार हातात आले तर तो ब्रश तिथंच ठेव.

लावताना पावडर झाकणात चिमूटभरच काढायची. ब्रश त्यात गोल फिरवायचा, कडेवर टकटक झटकायचा, मग गालापासून बाहेर गोल-गोल घोळवायचा. पातळ दोन थर दे, एकदम जाड नको. आपल्याकडं मे महिन्यातल्या लग्नात घाम येतोच, तेव्हा आधी टिपून घे. ओल्यावर पावडरचे चट्टे पडतात.

आठवड्याला सौम्य शाम्पूनं धू आणि आडवा वाळव. उभा ठेवलास तर पाणी दांड्यात उतरून केस सुटतात.