दादाला पटकन जमलं, म्हणून धाकटीचा कल ठरत नाही

नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं. 14 वर्षांचा मुलगा, 10 वर्षांची मुलगी आणि दोघांत मिळून एक रोबोटिक्स किट. त्याने माहितीपुस्तिका न उघडताच जोडाजोड सुरू केली. तिने आधी पुस्तिका वाचली, मग दादाचे हात बघत बसली आणि स्वतः जोडलेली मोटर उलटी फिरल्यावर उठून गेली. ‘याचा ओढा तंत्रज्ञानाकडे आहे, हिच्यासाठी दुसरं काही बघावं का?’ असं तुम्ही विचारलंय.

कृपा करून एवढ्यात काही ठरवू नका. तुम्हाला मुलगा-मुलगी हा फरक दिसतोय, मला आधी 4 वर्षांचं अंतर दिसतं. साधारण 11-12 नंतर मुलं ‘असं केलं तर काय होईल’ हे मनातल्या मनात ताडून बघू लागतात. त्याआधी वस्तू हाताळावी लागते, कुणीतरी करताना बघावं लागतं. दादाचे हात बघत बसणं हेही शिकणंच आहे.

मुलगे-मुलींत फरक नसतोच असं नाही. सरासरी पाहिली तर लहान वयात हस्ताक्षरात, बोटांच्या बारीक कामात मुली थोड्या पुढे असतात. चेंडू फेकण्यात आणि आकृती मनात फिरवून बघण्यात मुलगे. पण दोन मुलींमधला फरक याहून कितीतरी मोठा असू शकतो. शिवाय आकृती फिरवण्याचं कौशल्य सरावाने वाढतं.

मला काळजी वाटते ती तिच्या उठून जाण्याची. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ‘खूप हुशार’ कोण असं विचारल्यावर मुलगे जितक्या सहज पुरुष निवडत, तितक्याच सहज 5 वर्षांच्या मुली स्त्री निवडत होत्या. 6-7 व्या वर्षी ते कमी झालं आणि ‘खूप हुशार मुलांसाठीचा’ म्हणून सांगितलेल्या खेळात त्यांचा रसही घटला. शाळेत चांगले गुण मुलींना मिळतात, हे मात्र त्या तेव्हाही मानत होत्या!

म्हणून मोटर उलटी फिरली की ‘तारा अदलाबदल कर’ असं लगेच सांगू नका. ‘काय बदललं तर सरळ फिरेल?’ एवढंच विचारा आणि थांबा. तिला वेळ लागेल, लागू दे. दादालाही मध्ये हात घालू देऊ नका. त्याच्याकडून जोडलेल्या सर्किटची आकृती कागदावर काढून घ्या. पुढे आराखडे वाचल्याशिवाय त्याचं भागणार नाही.

कल चाचणी मुलाची हवी तर करा, मुलीची आत्ता नको. आणि किट तिचं वेगळं आणा, दादाचं झाल्यावर उरलेल्या वेळातलं नको.