हिस्ट्री डॉक्टर घेतातच, मग नर्सने कशाला शिकायची?

प्रश्न विचारणारी बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या सेमिस्टरला आहे. तिचं म्हणणं असं, की हेल्थ असेसमेंटमध्ये हिस्ट्री (पेशंटला विचारून आजाराची माहिती घेणं) आणि डोक्यापासून पायापर्यंतची तपासणी शिकवतात, पण वॉर्डात नर्स बीपी-टेम्परेचर लिहून पुढच्या खाटेकडे जाते. हिस्ट्री तर डॉक्टर घेतातच. मग हे सगळं नर्सला खरंच लागतं का? आणि पोट तपासायचा क्रम बाकी शरीरापेक्षा वेगळा का?

लागतं. मी सिंधुदुर्गातल्या एका ग्रामीण रुग्णालयात बरीच वर्षं कॅज्युअल्टीत काढली आहेत, आणि "हिस्ट्री डॉक्टर घेतातच" हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आज सविस्तर लिहिते. तुला अगंतुगं करते, राग मानू नकोस.

पावसाळा नुकता लागला होता. मध्येच दोन दिवस पाऊस थांबला की आपल्याकडे कसलं उकडतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पहाटे, अजून उजाडायचं होतं, एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला रिक्षातून आणलं. पोटात कळा आणि दोनदा उलटी. ताप नाही, जुलाब नाहीत. आदल्या दिवशी शेजारच्या वाडीत बाराव्याचं जेवण झालेलं, त्यामुळे जेवण बाधलं हे आईने दारातच सांगून टाकलं. मेडिकल ऑफिसर मॅडम लेबर रूममध्ये, बाळंतपण अगदी होण्याच्या बेतात आलेलं. त्यांनी तिथूनच पोटदुखीचं आणि अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन सांगितलं. माझ्याबरोबर ड्यूटीला असलेल्या सीनियर सिस्टर म्हणाल्या, इंजेक्शन दे, सलाईन लाव, पुढचं सकाळी ओपीडीत बघतील.

इंजेक्शन भरण्याआधी मी पोटावर स्टेथो ठेवला. आतड्यांचे आवाज नेहमीसारखे. मग हात लावला. पोट मऊ, कुठेही दाबलं तरी कळ वाढत नव्हती, स्नायू आखडत नव्हते. मुलगा एवढा कळवळतोय आणि पोट मऊ, हे मला जुळेना. म्हणून जेवणाचं सोडून वेगळं विचारलं.

"रात्री खंय झोपललंस?"

"पडवेत."

"खाली?"

हो, चटई टाकून, उकडता म्हणान. काही चावलं का? नाही. आईसुद्धा ठाम, काही चावलं असतं तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं.

मण्यारीच्या बाबतीत सगळे फसतात ते इथेच. घोणस चावली की पाय सुजतो, ठणका सहन होत नाही. फुरसं चावलं तर सूज येते, हिरड्यांतून रक्त येऊ लागतं. ही माणसं साप चावला हे स्वतःच सांगत येतात. मण्यार रात्रीची फिरते, घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. सूज जवळजवळ नाही, दुखणं नाही, दाताची खूण मिळेलच असं नाही. पुष्कळदा माणसाला जागही येत नाही. तो पहाटे उठतो तो पोटदुखीने आणि उलटीने. मग पापण्या उतरतात, गिळता येईनासं होतं, मान धरत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात.

मुलगा पेंगल्यासारखा दिसत होता. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, असं आई म्हणाली. पण त्याच्या कपाळाला आठ्या होत्या. झोप आलेला माणूस कपाळ ताणत नाही, पापणी उचलत नसेल तर ताणतो. मी त्याला डोकं न हलवता पंख्याकडे बघायला सांगितलं. दोन्ही पापण्या अर्ध्यावर राहिल्या. उशीवरून मान उचलून धर म्हटलं, तर धरता येईना. एका श्वासात आकडे मोजायला लावले, बाराच्या पुढे जाईना, आणि आवाज नाकातून येत होता. छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजला, २८ आणि उथळ. हे सगळं करायला चार मिनिटंसुद्धा लागत नाहीत आणि एक पैशाचं यंत्र लागत नाही.

सीनियरना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तू काय डॉक्टर आहेस? पोटदुखीला साप कशाला लावतेस?" मी लेबर रूमच्या दारात जाऊन सांगितलं, "मॅडम, सोळाच्या आसपासचा मुलगा, रात्री जमिनीवर झोपलेला, पहाटेपासून पोटदुखी आणि उलट्या. पोट मऊ. दोन्ही पापण्या उतरल्यात, मान धरत नाही, श्वास २८ आणि उथळ." मी निदान सांगितलं नाही, सांगायची गरजच पडली नाही. बाळ नुकतंच झालं होतं, ते दुसऱ्या सिस्टरकडे देऊन मॅडम धावत आल्या. अँटीव्हेनमच्या (सापाच्या विषावरचं औषध) १० वायल म्हणजे बाटल्या चालू केल्या, श्वासनलिकेत नळी घातली, आणि १०८ च्या अँब्युलन्सने मुलगा अँबू बॅगवर (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलला गेला. मण्यारीचं विष मज्जातंतूंच्या टोकाशी एकदा बसलं की अँटीव्हेनम ते सोडवू शकत नाही, म्हणून व्हेंटिलेटर लागतोच. श्वास चालू ठेवला तर माणूस पूर्ण बरा होतो. हा मुलगा बरा होऊन आपल्या पायांनी घरी आला.

नंतर चहाच्या वेळी त्या सिस्टर म्हणाल्या, पोराचं नशीब चांगलं. पुढे कितीतरी वेळा विषय निघाला आणि प्रत्येक वेळी त्यांचं तेच, नशीब. मला ते अजून पटलेलं नाही. "खंय झोपललंस" हा प्रश्न नशिबाने विचारला नव्हता. तो आमच्या ट्यूटर बाईंनी शिकवलेला होता: आजार कधी सुरू झाला एवढं विचारून थांबायचं नाही, त्याआधीचे बारा तास माणूस कुठे होता आणि काय करत होता तेही विचारायचं. लावणीच्या दिवसांत ताप घेऊन आलेल्याला चिखलात किती दिवस उभा होतास, पायाला जखम आहे का, हे विचारलं नाहीस आणि पोटऱ्या दाबून बघितल्या नाहीस, डोळे लाल आहेत का पाहिलं नाहीस, तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, चिखल-पाण्यातून होणारा ताप) तुझ्या समोरून निघून जाईल.

आणि हे छोटं काम आहे असं कुणी म्हणालं तर त्याला महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम सांग. लाल विंचवाने कोकणात माणसं, विशेषतः मुलं, मरत होती तेव्हा ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पेशंटच्या खाटेशी बसून बघत राहिले: उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय. १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी मांडलं ते हेच, ही लक्षणं पुढच्या हृदयाच्या त्रासाची सूचना देतात. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाच्या उपचाराचं लिखाण त्यानंतर, १९८६ चं. हातपाय गार आहेत हे आधी हाताला कळतं, आणि पेशंटच्या अंगाला पहिला हात बहुतेक वेळा नर्सचाच लागतो.

श्वास न मोजता लिहिण्याबद्दल मला फार राग आहे. कुठल्याही वॉर्डातले टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट उघड, श्वासाच्या रकान्यात पानभर १८, २०, १८, २०. कुणीही मोजलेले नसतात. तू मोज, पूर्ण मिनिट, मनगट हातात धरून, म्हणजे पेशंटला आपण नाडी बघतोय असं वाटतं आणि तो श्वास बदलत नाही.

पोटाच्या क्रमाचं सोपं आहे. बाकी ठिकाणी बघणं, हात लावणं, ठोकून बघणं, ऐकणं. पोटाला बघणं, ऐकणं, ठोकणं आणि शेवटी दाबणं, कारण आधी दाबलंस तर आतड्यांच्या आवाजात फरक पडतो. गुडघे वाकवून झोपव, हात चोळून गरम कर, दुखणारी जागा सर्वांत शेवटी. तोंडी परीक्षेला एवढं पुरतं. 

आता काही गोष्टी सांगायला हव्यात. पहाटेची प्रत्येक पोटदुखी मण्यार नसते, अपेंडिक्स असू शकतं, नुसतं जेवणही असू शकतं. चाळीस खाटांच्या वॉर्डात प्रत्येकाची डोक्यापासून पायापर्यंत तपासणी होत नाही, नवीन आलेला आणि अचानक बदललेला पेशंट आधी बघ. हात लावण्याआधी विचार, पडदा ओढ. निदान आणि औषध डॉक्टरांचं, त्यात शिरू नकोस, केसपेपरवर जे दिसलं तेच लिही. पण दिसलेलं डॉक्टरांना कळवायला सीनियरची परवानगी लागत नाही. किती वाजता कळवलं आणि कुणाला, तेही नोट्समध्ये लिहून सही कर, मग कुणी रागावलं तरी रागावू दे.