रोजची पेनकिलर आणि आईची कंबर

प्रश्न: आई ६२ वर्षांची, बीपीची गोळी चालू आहे. दोन वर्षं कंबर दुखतेय म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून रोज घेते. एमआरआय करू का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: आधी ती रोजची गोळी बंद करा हो, त्याने पोटात अल्सर होतो, किडनीवर ताण येतो आणि बीपीही वाढतं, म्हणजे आईंना तर ती जास्तच धोक्याची. एमआरआयची घाई नको, मणक्यांमधली झिजलेली चकती या वयात काहीच न दुखणाऱ्यांच्याही फिल्मवर दिसते. पायातली ताकद गेली, लघवीवरचा ताबा सुटला, ताप आला, वजन घटलं तर मात्र त्याच दिवशी दाखवा. नाहीतर झोपवून ठेवू नका, रोज थोडं चालवा, फिजिओकडून व्यायाम शिकून घ्या आणि रात्री झोप लागते का हे फॅमिली डॉक्टरांना स्वतःहून सांगा, आम्ही डॉक्टर ते विचारायला हवं पण बरेचदा राहून जातं.