पंख्याखालीही घाम फुटतोय

प्रश्न : डॉक्टर, वय ४१, नाशिकला राहते. थंडीतपण मला गरम होतं, पोळ्या लाटताना घाम टपकून पीठ ओलं होतं, सगळे म्हणतात पाळी जायची वेळ आली. खाणं नेहमीचंच, पण तीन महिन्यांत ५ किलो वजन उतरलंय.

उत्तर : ताई, वजनाचं लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण पाळी जाताना अंगातून वाफा येतात हे खरं पण खाऊनपिऊन वजन असं उतरत नाही, म्हणून मला पहिला संशय थायरॉइडचा येतो. ही ग्रंथी जास्त काम करायला लागली की शरीराची भट्टी सतत पेटलेली राहते. दोन्ही हात पुढे करून बोटं पसरा आणि वर एक कागद ठेवा, थरथरला तर डॉक्टरांना नक्की सांगा, छातीत धडधडतं का तेही. टीएसएच, टी३, टी४ या थायरॉइडच्या रक्ततपासण्या करा आणि सोबत शुगरपण. रात्री कपडे भिजतात, बारीक ताप, दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर टीबीची तपासणीही हवीच. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीसुद्धा घाम येतो, पण गोळी मनाने बंद करू नका हं. आणि छातीत दाबल्यासारखं होऊन गार घाम सुटला तर रिपोर्टची वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठा.