वडोदऱ्यात गुजराती माध्यमात शिकलो. आता चाळिशीत सगळ्या विषयांच्या मूळ संकल्पना मराठीतून शिकायच्या आहेत, सुरुवात कुठून करू?

बालभारतीच्या सहावी ते आठवीच्या पुस्तकांपासून करा. पीडीएफ फुकट मिळतात. वडोदऱ्यातच दांडिया बाजारात शिकवण्या घेतो, म्हणून सांगतो: मोठी माणसं हौसेनं थेट दहावीचं पुस्तक उघडतात आणि अपूर्णांकांतच अडकतात. १/२ + १/३ म्हणजे २/५, असं बिनधास्त लिहितात. अहो, २/५ तर अर्ध्याहूनही कमी! अर्ध्या भाकरीत तुकडा घातल्यावर ती घटेल कशी? छेद समान करा, ५/६ येतं. असं प्रत्येक उत्तर ताडून बघा. इतिहास-भूगोल नुसते वाचले तरी चालतात. अडलं की मराठी विश्वकोश आहेच, तोही ऑनलाइन मोफत. फक्त परिभाषा तुम्हाला छळेल. गुजरातीतला 'प्रवेग' (वेग बदलण्याचा दर) मराठीत 'त्वरण' होतो, तेव्हा वहीच्या समासात दोन्ही शब्द लिहीत चला.