लिहून देणार

इंदूर,
आषाढातला शनिवार

बाळ,

सप्रेम सलाम.

तुझा निरोप परवा रात्री अकराला आला, मी तो सकाळी सहाला वाचला. माझा फोन रात्री पुढच्या खोलीत असतो. तू रात्रभर वाट पाहिली असशील तर माफ कर. ‘काका, देवानं मला सोडलं तर नाही ना?’ आणि त्याखाली, ‘मला आता काहीच वाटत नाही.’ एवढंच. फोनवर लिहायला माझी बोटं जाड पडतात, म्हणून कागद घेतला. चर्चमधला एक मुलगा सोमवारी भंवरकुव्याला क्लासला येतो, त्याच्या हाती पाठवतोय.

तुझी दोन्ही वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तू दुसऱ्या वाक्यावरून काढून मोकळी झाली आहेस. वाटत नाही, त्या अर्थी सोडलं असेल. माझ्याकडे कुणी असं बोलत आलं असतं तर मी विचारलं असतं, ते सगळं राहू द्या, कागद काय म्हणतो?

तुला ठाऊक आहे, मी छत्तीस वर्षं कोर्टाच्या आवारात टेबल टाकून लोकांचे कागद लिहिले. विक्रीपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, वाटणी, भाडं. त्यामुळे ‘करार’ हा शब्द ऐकला की माझे कान उभे राहतात. आपण ख्रिस्ती लोक जुना करार, नवा करार असं दिवसाकाठी दहा वेळा म्हणतो, जसं काही ती पुस्तकाच्या दोन भागांची नावं आहेत. करार म्हटलं की पहिला प्रश्न एकच असतो, कोणी कोणाला काय लिहून दिलं?

इंदुरात आमचे कागद हिंदीत व्हायचे, प्रथम पक्ष, द्वितीय पक्ष. पण महाराष्ट्रातला दस्त कधी हातात आला तर बघ. वरच दोन नावं असतात, एकापुढे ‘लिहून घेणार’ आणि दुसऱ्यापुढे ‘लिहून देणार’. मराठीनं कायदा किती सोपा करून ठेवलाय! कागदाचं ओझं कुणाच्या मानेवर आहे ते पहिल्या दोन ओळींत कळतं.

तुझ्या खोलीचा किरायानामा मीच लिहिला होता. अकरा महिन्यांचा, कारण मुदत वर्षावर गेली की रजिस्ट्री करावी लागते. त्यात तूही बांधलेली आणि मालकही. भाडं पाच तारखेच्या आत, सोडायचं झाल्यास दोन्ही बाजूंनी महिन्याची नोटीस, दोन महिने भाडं थकलं तर खोली खाली. रास्त कागद आहे. माझी शंका अशी की देवाचंही तू याच कागदात बसवलंयस. प्रार्थना म्हणजे भाडं, उपासना म्हणजे लाइटबिल. परीक्षा गेली, तीन महिने शास्त्र उघडलं नाही, चर्चला आली नाहीस, म्हणजे थकबाकी झाली. आता दारावर कधी थाप पडते याची तू वाट बघतेस.

करारांची दुसरीही एक जात असते, ती आपल्या गावानं पाहिली आहे. २१ डिसेंबर १८१७ला महिदपूरला होळकरांचा पराभव झाला आणि पुढच्याच महिन्यात, ६ जानेवारी १८१८ला, मंदसौरचा तह झाला. गादीवर दुसरे मल्हारराव, अजून पोरवयाचे. मुलूख गेला, राजपूत संस्थानांवरचे हक्क गेले, दरबारात इंग्रजांचा रेसिडेंट येऊन बसला. त्याच वर्षी राजधानी इंदूरला आली. आपण आजही ‘रेसिडेन्सीत जाऊन येतो’ म्हणतो, ते त्या तहातून उरलेलं नाव. तहात जिंकणारा अटी सांगतो आणि हरणारा सही करतो. पुष्कळ लोकांचा देव असाच असतो. तो वरचढ आहे, म्हणून त्यानं लिहून घ्यायचं आणि आपण लिहून द्यायचं.

आता बायबलातल्या उत्पत्तीचा पंधरावा अध्याय काढ. पत्र बाजूला ठेव, आधी तो वाच.

वाचलास? त्या काळी करार लिहीत नसत, कापत असत. हिब्रूत शब्दच तसा आहे, करार ‘कापणे’. अब्राहाम, तेव्हा अब्रामच, तीन वर्षांची कालवड आणतो, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा एडका, शिवाय एक होला आणि पारव्याचं पिल्लू. पाखरं सोडून बाकीची जनावरं मधोमध चिरून समोरासमोर मांडतो. करार करणाऱ्यानं त्या तुकड्यांमधून चालत जायचं. मी शब्द मोडला तर माझंही असंच होवो, असा त्याचा अर्थ. यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायात देव यहूदातल्या सरदारांना हेच ऐकवतो की वासराच्या तुकड्यांमधून चाललात आणि शब्द फिरवलात. म्हणजे दंडाचं कलम कागदावर नव्हतं, ते जमिनीवर रक्तात पडलेलं होतं.

मंदसौरच्या रिवाजानं अब्राहामानं चालायला हवं होतं, कारण तो लहान पक्ष. त्याच्या वाट्याला काय आलं? दिवसभर तो त्या मांसावर झडप घालणारी गिधाडं हाकत बसला. सूर्य कलला तसा त्याला गाढ झोप लागली, सोबत काळोख आणि भीती. तो पडून राहिला. धुमसती भट्टी आणि जळती मशाल, म्हणजे देवाचीच खूण, मात्र त्या तुकड्यांमधून निघून गेली. एकटी.

छत्तीस वर्षांत मी असा कागद पाहिला नाही. ज्याच्या हाती सगळं, तो लिहून देणार. ज्याच्या हाती काही नाही, तो लिहून घेणार, आणि तोसुद्धा झोपलेला! त्याच्याकडून अंगठासुद्धा घेतलेला नाही. त्या रात्री अब्राहामाला काय वाटत होतं? शास्त्र सांगतं, भीती वाटत होती. करार तरी झाला.

तू म्हणशील, मोशेच्या काळी सीनाय डोंगराजवळ नियमशास्त्र मिळालं तेव्हा इस्राएल लोकांनीही ‘आम्ही सगळं करू’ असं कबूल केलं होतंच की. केलं होतं, आणि चाळीस दिवसांत पुजायला सोन्याचं वासरू ओतलं. पण पौल गलतीकरांना वकिलासारखा मुद्दा घालतो. एकदा कायम झालेला करार माणसाचा असला तरी कुणी रद्द करत नाही की त्यात भर घालत नाही, मग चारशे तीस वर्षांनी आलेलं नियमशास्त्र देवाचं आधीचं वचन कसं मोडेल? हा मुद्दा मला पहिल्यांदा समजला त्या दिवशी मी टेबलावर एकटाच हसत होतो. शेजारच्या टायपिस्टला वाटलं, उन्हामुळे झालं असेल.

इब्री लोकांस पत्रातलं तर खास आमच्या धंद्यातलं आहे. ग्रीकमध्ये कराराला जो शब्द आहे, तोच मृत्युपत्रालाही आहे, आणि नवव्या अध्यायात लेखक त्या दोन्ही अर्थांनी लिहितो. मृत्युपत्र करणारा जिवंत असेतो दहा वेळा बदलू शकतो. माझे एक गिऱ्हाईक दर दिवाळीनंतर बदलायचे, कोणता मुलगा फराळाला आला त्यावर. पण करणारा मेला की तो कागद कायम होतो, त्यात कुणालाही काना-मात्रा बदलता येत नाही. प्रभू येशूनं शेवटच्या भोजनाच्या रात्री प्याला हातात घेतला आणि माझ्या रक्तात हा नवा करार असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी, वधस्तंभावर, तुकड्यांमधून तो स्वतः गेला. दंडाचं कलम त्यानं स्वतःवर लावून घेतलं, आणि मोडलेली बाजू तर आपली होती.

आता माझं सांगतो. तुझ्या आईला हे माहीत नाही, तुझ्या काकूला आहे.

१९८४मध्ये राजवाडा जळाला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. एक माणूस आला, त्याला दोन वर्षं मागच्या तारखेचा कागद हवा होता. कोरा जुना स्टॅम्प त्यानंच आणला होता. मी लिहून दिलं. पाचशे रुपये मिळाले, ते त्या काळी पुष्कळ होते. तो कागद कशासाठी हवा होता ते मला समजत होतं. त्याच्या विधवा भावजयीचा घरातला हिस्सा त्यानं जाणार होता. मी चर्चला जात राहिलो, गाणी म्हणत राहिलो. फक्त प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि प्याला घेण्याच्या, रविवारी उपदेश संपला की चप्पल शोधत बाहेर पडायचो. असं दीड वर्ष चाललं. मलाही काही वाटत नव्हतं. दात काढताना सुई दिल्यावर गाल असतो ना, तसं.

मग एका रविवारी शास्त्रवाचनाची पाळी माझ्यावर आली आणि नेमका दुसरा शमुवेल, नववा अध्याय निघाला. दावीद राजा झालाय. नवा राजा आला की आधीच्या राजाचा वंश निपटून काढायचा हा त्या काळचा व्यवहार. दावीद मात्र विचारतो, शौलाच्या घराण्यातलं कुणी उरलंय का, योनाथानासाठी मला त्याच्यावर दया करायची आहे. योनाथान हा शौलाचा मुलगा आणि दाविदाचा मित्र, त्या दोघांचा करार झालेला होता. उरला होता मफीबोशेथ, योनाथानाचा मुलगा. पाच वर्षांचा असताना दाई त्याला घेऊन पळाली, तो पडला आणि दोन्ही पायांनी अधू झाला. लो-दबारात कुणाच्या तरी घरी राहत होता. राजाचं बोलावणं आलं तेव्हा त्याला काय वाटलं असेल, तू समजू शकतेस. दारावरची थाप! तो पालथा पडतो, स्वतःला मेलेलं कुत्रं म्हणतो. दावीद त्या कुत्र्यावर वाद घालत बसत नाही. भिऊ नकोस म्हणतो, आजोबाची जमीन परत देतो आणि रोज माझ्या पंक्तीला जेव म्हणतो.

या अध्यायात ‘दया’ तीनदा येते. मूळ शब्द ‘हेसेद’. आपण दया म्हटलं की भिकाऱ्याला टाकलेलं नाणं डोळ्यांपुढे येतं, तसा तो शब्द नाही. दिल्या शब्दाला जागणारं प्रेम, असं काहीसं म्हणावं लागेल. स्तोत्र १३६मध्ये सव्वीस ओव्या आहेत आणि सव्वीसही ठिकाणी हाच शब्द सनातन म्हणून येतो. मफीबोशेथ त्या करारात पक्षकारसुद्धा नव्हता. दुसऱ्या कुणासाठी तरी त्याचं पान मांडलं गेलं.

शेवटची ओळ मी मोठ्यानं वाचू शकलो नाही. तो यरुशलेमेत राहिला, कारण तो नेहमी राजाच्या पंक्तीस जेवत असे, आणि तो दोन्ही पायांनी लंगडा होता. म्हणजे पाय बरे झाले नाहीत! रोज टेबलापर्यंत त्याला कुणीतरी आणत असणार. बसल्यावर पाय खाली जायचे, वर ताट दिसायचं.

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईच्या वकिलाकडे गेलो आणि तारीख खोटी असल्याचं लिहून दिलं. वर्षभर धंदा बसला. लोक म्हणाले, प्रायश्चित्त घेतलं. त्यांना क्रम उलटा दिसला. आधी पान मांडलेलं दिसलं होतं, मग पाय तिकडे वळले. आणि म्हणूनच, ‘करार त्याच्या बाजूनं पक्का आहे तर मग कसंही वागलं तरी चालेल’ असं कुणी म्हटलं की मला त्या माणसाची काळजी वाटते. त्या पंगतीत बसलेला माणूस असं बोलत नाही. त्या दीड वर्षात मीही कधी तसं म्हणालो नाही. मी फक्त चप्पल शोधत होतो.

पंडिता रमाबाईंचं बघ. बाप्तिस्मा १८८३चा, आणि त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की त्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला पण ख्रिस्त अजून नाही. एवढी विदुषी बाई! तुझे तर तीन महिनेच झालेत.

दोन-तीन कामाच्या गोष्टी. जेवण-झोप उडाली असेल, सकाळी अंथरुणातून उठवत नसेल, तर डॉक्टरला दाखव. त्यात अविश्वास काही नाही, एलीया संदेष्ट्यालाही देवानं आधी दोनदा खाऊ घालून झोपवलं होतं. प्रार्थनेला शब्द नसले तर अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाच. ते काळोखातच संपतं, शेवटी सूर्य वगैरे उगवत नाही, आणि तरी ते शास्त्रात आहे. आणि स्वतःच्या मनाची नाडी दर तासाला बघणं बंद कर. आमच्याकडे एक म्हातारे यायचे, आपल्या घराचे कागद दर आठवड्याला पिशवीतून आणून मला दाखवायचे, ‘अजून माझंच आहे ना?’ मी चष्मा लावून पहिलं पान वाचायचो आणि म्हणायचो, तुमचंच आहे. कधी चिडलो नाही. तूही ये, हवं तितक्या वेळा.

उद्या जमणार नाही, पण पुढच्या रविवारी प्रभुभोजन आहे. नऊला माझ्याकडे ये, काकू पोहे करणार आहे, जीरावन तिनं कालच कुटलंय. उपासनेला सोबत जाऊ. मागच्या बाकावर बसलीस तरी चालेल, चप्पल मात्र मी माझ्याजवळ ठेवीन.

किरायानाम्याची मुदत पुढच्या महिन्याच्या अठराला संपते. येताना आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो घेऊन ये.

तुझा,
काका