पगार वाढला आणि ईएसआय गेलं
वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमधे बावीस ते सत्तावीस वयाच्या पोरापोरींचीच पत्रं जास्त आहेत आणि सगळ्यांचा सूर एकच, की पगार तर येतोय पण कळत नाहीये नक्की किती येतोय आणि कुठे जातोय. मी सोलापुरात एकोणीस वर्षं पगारपत्रकं काढलीत, आधी यंत्रमागाच्या कारखान्यात, नंतर टॉवेलच्या, त्यामुळे ही पत्रं वाचली की समोर त्या त्या पोराची स्लिपच दिसायला लागते. पहिल्या पत्राला जरा जास्त जागा देतेय, कारण ईएसआयचा, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, असला घोटाळा मी दर वर्षी कुणा ना कुणाचा बघितलाय.

*ताई, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या फॅक्टरीत डिस्पॅचला आहे, वय २५. वडील नाहीत, घरात आई आणि मी. ऑगस्टपासून पगार २०,५०० चा २३,००० झाला, मी पेढे वाटले. आणि ऑक्टोबरच्या स्लिपमधे ईएसआयच्या रकान्यात शून्य! आईला शुगर आणि बीपी दोन्ही आहे, तिच्या गोळ्या दर महिन्याला ईएसआयच्या दवाखान्यातून आणतो. ऑफिसमधले म्हणतात तुझं कार्ड बंद झालं आता. मग पगार वाढून मला मिळालं काय? पगार परत कमी करून घेता येतो का? — एक वाचक, दत्त नगर*

अरे बाळा, पगार कमी करून घ्यायचा विचार आधी डोक्यातनं काढ. आणि दुसरं, घाबरू नको, कार्ड उद्याच्या उद्या बंद होत नाही.

ईएसआयला पगाराची मर्यादा महिना २१,००० आहे. तू त्याच्या वर गेलास म्हणून बाहेर पडलास, पण ते लगेच ऑगस्टमधे का झालं नाही माहितेय का, तर ईएसआयचं वर्ष दोन तुकड्यांत चालतं, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च, आणि तुकड्याच्या मधेच पगार वाढला तरी तो तुकडा संपेपर्यंत कपात चालूच राहते. म्हणून ऑगस्ट सप्टेंबरला तुझे कापले गेले आणि ऑक्टोबरला थांबले, हे बरोबरच झालंय, ऑफिसने काही चूक केलेली नाही. आता खरी गोष्ट ऐक. एप्रिल ते सप्टेंबर जी वर्गणी भरलीस ना, तिचा फायदा पुढच्या जानेवारी ते जूनमधे मिळतो, फक्त त्या सहा महिन्यांत निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे, आणि तू तर पूर्ण सहा महिने कामावर होतास. म्हणजे आईचा दवाखाना ३० जूनपर्यंत चालू राहायला पाहिजे. येत्या सोमवारी सुट्टी टाक, आईला आणि कार्ड दोन्ही बरोबर घे आणि दवाखान्याच्या खिडकीवरच विचारून खात्री करून घे, ऑफिसमधल्यांच्या तोंडी बोलण्यावर गोळ्या आणायचं बंद करू नको.

अजून एक बघ, ते २३,००० ओव्हरटाइम धरून आहेत का? मर्यादा मोजताना ओव्हरटाइम धरत नाहीत. तुझा बांधीव पगार २१,००० च्या आत असेल आणि वरचं ओव्हरटाइमचं असेल तर तू बाहेर पडायलाच नको होतास. स्लिप नीट वाच, बेसिक वेगळं, अलाउन्स वेगळे, ओटी वेगळा.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. तू स्लिपचे फोटो पाठवलेस म्हणून मी हिशोब मांडून बघितला. जुन्या पगारात बेसिक १२,००० होतं, त्यावर बारा टक्के पीएफ १,४४०, ईएसआय पाऊण टक्का म्हणजे १५४, प्रोफेशनल टॅक्स २००, हातात १८,७०६. नव्या पगारात बेसिक १५,०००, पीएफ १,८००, टॅक्स तोच २००, हातात बरोबर २१,०००. म्हणजे अडीच हजाराच्या वाढीतले २,२९४ हातात आले. आता आईच्या गोळ्या बाहेरून घ्यायच्या, दर तीन महिन्याला रक्त तपासायचं, आणि वर तिच्यासाठी मेडिक्लेम काढायचा म्हटलं की ही वाढ जवळजवळ सगळी तिकडेच जाते. तुला जे वाटतंय की काहीच मिळालं नाही, ते खोटं नाही. १५४ रुपयांत तुला आणि आईला अख्खा दवाखाना मिळत होता, कारण उरलेले सव्वातीन टक्के मालक भरत होता, ते स्लिपवर दिसत नाही म्हणून कुणाला त्याची किंमत कळत नाही.

आणि म्हणूनच मालकाशी बोल. तुझ्यावर त्याचे महिन्याला साडेसहाशेच्या वर ईएसआयमधे जात होते ते आता वाचले, पीएफमधे त्याला ३६० जास्त भरावे लागतायत हे धरलं तरी थोडे उरतातच. फॅक्टरीत तुझ्यासारखे २१,००० पार केलेले अजून असतील, चार-सहा जण मिळून जा आणि ग्रुप मेडिक्लेम मागा, त्यात आईवडील घेता येतात का तेही विचारा. माझ्या जुन्या फॅक्टरीत सुपरवायझर लोकांनी असंच मागितलं आणि मिळालं, दोन दिवाळ्या लागल्या पण मिळालं.

मालक देईल न देईल, तू जूनची वाट बघत बसू नको. आईला शुगर आहे हे फॉर्मवर स्वच्छ लिहून पॉलिसी आत्ताच काढ, लपवून काढलीस तर क्लेमच्या वेळी तेच अंगाशी येतं. आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, आणि ती तीन वर्षं पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजतात, म्हणून जूनपर्यंत ईएसआय चालू असताना ते घड्याळ सुरू झालेलं बरं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय, त्यामुळे जुने कोटेशन कुणी दाखवलं तर नवं मागून घे. आणि त्याआधी रेशनकार्ड आणि दोघांची आधारकार्डं घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड काढ, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार त्यात होतात. फक्त ते अॅडमिट व्हायच्या वेळचं काम आहे, रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत. गोळ्यांसाठी जनऔषधीचं दुकान बघ, शुगर-बीपीच्या साध्या गोळ्यांना तिथे बराच फरक पडतो, फक्त डॉक्टरांना विचारून बदल.

*ताई, मी २३ वर्षांची, बी.कॉम. झालंय, नवी पेठेत एका सुताच्या व्यापाऱ्याकडे अकाउंट्स बघते, पगार १७,०००. पुण्याच्या कंपनीतून २८,००० ची ऑफर आलीये. आई विड्या वळते, ती म्हणते जा. बाबा म्हणतात तिथे सगळं रूम आणि खाण्यातच जाईल. मला कळेना. — पूर्व भागातून*

ताई म्हणतेस म्हणून आधी बहिणीसारखं विचारते, ते २८,००० सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा एकूण खर्च आहे, का हातात येणारे? पत्राबरोबर पाठवलेल्या ऑफर लेटरवर तर सीटीसी लिहिलंय. म्हणजे त्यात कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटी पण आली, जी दर महिन्याला हातात पडत नाही. बेसिक १४,००० धरून मी वजाबाकी केली तर कंपनीचा पीएफ १,६८०, ग्रॅच्युइटीचे पावणेसातशेच्या आसपास, मग तुझा पीएफ १,६८०, प्रोफेशनल टॅक्स २००, हातात राहिले पावणेचोवीस हजार. इथे १७,००० मधून तुझा पीएफ आणि ईएसआय जाऊन १५,८०० हातात येतात, आणि बायकांना २५,००० पर्यंत प्रोफेशनल टॅक्स नाही हे पण लक्षात घे. म्हणजे फरक ११,००० चा दिसतोय तो खरा ८,००० चा आहे.

तू लिहिलंयस की मैत्रिणीकडे पीजीला दोघींच्या खोलीत ७,५००, मेस ३,८००, बस आणि रिक्षा धरून दीड हजार. मोबाइल, पोटापाण्याच्या किरकोळ गोष्टी आणि महिन्यातनं एकदा हुतात्मा एक्सप्रेस पकडून घरी यायचं, चौदा-साडेचौदा हजार कुठे गेले कळणार नाही. उरले नऊ. इथे राहून घरी खर्चाला देऊन, स्कूटीचं पेट्रोल जाऊन तुझ्या हातात तेवढेच उरतात. बाबांचं गणित चुकलेलं नाही.

तरी मी म्हणेन जा. कारण व्यापाऱ्याच्या पेढीवर टॅली आणि जीएसटीचे रिटर्न एवढंच काम, पाच वर्षांनी पण तेच राहील आणि पगार वीस-बावीसवर अडेल, हे मी डोळ्यांनी बघितलंय. कंपनीच्या अकाउंट्समधे ऑडिट, पेरोल, एमआयएस म्हणजे साहेब लोकांना द्यायचे रिपोर्ट, सगळं हाताखालून जातं. पहिलं वर्ष बचतीचं नसतं ग, शिकायचं असतं. पण अमुक वर्षं नोकरी सोडायची नाही असा बाँड आहे का बघ, आणि निघायच्या आधी पीजीचं डिपॉझिट सोडून तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेव, पहिला पगार पुढच्या महिन्याच्या सातला होतो आणि तोपर्यंत मेसवाला थांबत नाही.

आणि विम्याचं. कंपनी तीन लाखांचा मेडिक्लेम देतेय म्हणून खूश आहेस, चांगलंच आहे, पण तो नोकरीला चिकटलेला असतो. माझ्या धाकट्या भावाने एक नोकरी शुक्रवारी सोडली, दुसरी पंधरा तारखेपासून होती, मधल्या अकरा दिवसांत त्याला डेंग्यू झाला आणि प्लेटलेट्स एकदम खाली आल्या. जुन्या कंपनीचा विमा शुक्रवारीच संपलेला, नवा सुरू व्हायचा होता. बिल ६४,००० झालं. आईने हातातल्या दोन पाटल्या रुमालात गुंडाळून माझ्याकडे दिल्या आणि म्हणाली, सराफाकडे तू जा, मला नको नेऊस. तो रुमाल मी अजून कपाटात ठेवलाय. पाटल्या सोडवायला आम्हाला चौदा महिने लागले. म्हणून तुझ्या वयात, तब्येत ठणठणीत असताना, स्वतःच्या नावावर एक वेगळी छोटी पॉलिसी काढ, या वयात प्रीमियम कमी बसतो आणि नोकरी बदलली तरी ती बरोबर येते. आईच्या विडीच्या पीएफला नॉमिनी कोण आहे तेही जायच्या आधी बघून ये.

*ताई, माझ्या काकांनी टॅक्स वाचेल म्हणून २,००० महिन्याची वीस वर्षांची पॉलिसी घ्यायला लावली, पंधरा दिवस झाले. माझा पगार १९,०००. बरोबर केलं का? — जुळे सोलापूर*

नाही केलंस. १९,००० पगाराला इन्कम टॅक्स लागतच नाही, नव्या पद्धतीत तर १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर टॅक्स शून्य होतो आणि अशा पॉलिसीची सूट त्यात मिळतही नाही. मग वाचतंय काय? पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत परत करता येते, तेव्हा या आठवड्यातच लेखी अर्ज दे आणि पोच घे. काकांना वाईट वाटेल, त्यांच्याशी नीट बोल, पण वीस वर्षं २,००० तुला भरायचेत, त्यांना नाही. त्याऐवजी बँकेत जाऊन ४३६ रुपयांचा जीवनज्योती म्हणजे आयुर्विमा आणि २० रुपयांचा सुरक्षा म्हणजे अपघात विमा चालू कर, दोन्ही दोन-दोन लाखांचे आहेत आणि वर्षाला एकदाच खात्यातून कापतात, मेच्या शेवटी खात्यात तेवढे पैसे ठेवायचे म्हणजे झालं. घरात तुझ्यावर अवलंबून कुणी असेल तर पुढे टर्म प्लॅन घे.

*नोकरी सोडली की पीएफ काढून गाडीचं डाउन पेमेंट करू का? दोन वर्षांचे ४१,००० आहेत. — चिंचोळी एमआयडीसीतला एक वाचक*

काढू नको. नवीन नोकरीत जुनाच यूएएन, म्हणजे पीएफचा तुझा कायमचा नंबर दे, दुसरा नंबर काढू देऊ नको आणि खातं ट्रान्सफर करून घे. तसं केलं की दोन वर्षं मोजणीत राहतात, पेन्शनला दहा वर्षं लागतात आणि पाच वर्षांच्या आत काढलं तर ती रक्कम उत्पन्नात धरतात. २०२४-२५ ला पीएफवर सव्वाआठ टक्के व्याज मिळालंय, गाडीच्या कर्जाचा दर त्याच्या शेजारी ठेवून बघ आणि मग ठरव. गाडी घेशीलच तेव्हा एक बघ, नवीन टू-व्हीलरला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा असतो पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा बहुतेक वेळा एकाच वर्षाचा, कागदावर दोन वेगळ्या तारखा असतात, शोरूममधे उभं राहूनच त्या वाचून घे.

आणि पीएफच्या पोर्टलवर ई-नॉमिनेशन भरलंय का? नोकरीत असताना काही बरंवाईट झालं तर पीएफबरोबरच्या विम्यातून घरच्यांना सात लाखांपर्यंत मिळू शकतात, त्यासाठी तुझ्या खिशातून काही कापत नाहीत. पण नॉमिनी भरलेला नसला की आईवडिलांना वारसाचे दाखले गोळा करत हिंडावं लागतं, तेवढं आज रात्रीच मोबाइलवर भरून टाक, आधारला मोबाइल नंबर जोडलेला असला की लगेच होतं.